मासे गेले ते लोटा खाली ठेवल्यामुळे नव्हे

पत्राचा सारांश: पत्र लिहिणाऱ्या वाचक बेळगाव जिल्ह्यातल्या खानापूर तालुक्यातील एका मराठी शाळेतून निवृत्त झालेल्या शिक्षिका आहेत. चार वर्षांपूर्वी त्यांच्या मुलाने घरात २५० लिटरची खाऱ्या पाण्याची टाकी मांडली, तिच्यात मऊ प्रवाळे आणि समुद्री मासे वाढवले, आणि दोन वर्षांनी नोकरीसाठी पुण्याला जाताना ती आईच्या हवाली केली. गेल्या आषाढात वादळी पावसात तारांवर झाड पडून रात्री ७.४० ला वीज गेली. इन्व्हर्टर दोन तासही चालला नाही. त्यानंतर रात्री दीडपर्यंत बाई लोट्याने टाकीतले पाणी वर घेऊन पुन्हा ओतत राहिल्या आणि शेवटी खुर्चीतच त्यांचा डोळा लागला. पहाटे पाचला जाग आली तेव्हा सातपैकी दोन मासे मेलेले होते आणि पाच तग धरून होते. त्यांतला एक लहान क्लाउनफिश आडवा झालेला पाहून त्यांनी त्याला आधीच कालवून ठेवलेल्या खाऱ्या पाण्याच्या बादलीत हलवले. सव्वासहाला वीज आली, फिल्टर सुरू झाला, आणि साडेनऊपर्यंत टाकीतले चारही मासे गेले. बादलीतला तेवढा वाचला. पुढच्या दहा दिवसांत प्रवाळेही विरघळली. मुलगा म्हणतो, ‘आई, आता विकून टाक.’ यजमान म्हणतात, ‘जिवांना कोंडून ठेवायचेच कशाला? दीड लाख पाण्यात गेले ते पुरे झाले.’ दुकानदार दुप्पट मोठी टाकी सुचवतो. बाई विचारतात: ‘मी झोपले नसते तर ते जगले असते का? आणि जिला एक रात्र निभावता आली नाही तिने पुन्हा हा खटाटोप करावा का?’ सोबत त्यांनी नोंदवहीच्या चार महिन्यांच्या पानांच्या छायाप्रती पाठवल्या आहेत.

बाई, सप्रेम नमस्कार.

तुमच्या पहिल्या प्रश्नाचे उत्तर तुमच्याच नोंदवहीत आहे. ते मी आधी देतो, कारण ते मिळाल्याशिवाय दुसऱ्या प्रश्नाचा विचार तुम्हाला मोकळ्या मनाने करता येणार नाही. तुम्ही झोपलात म्हणून ते चार मासे गेले नाहीत. हे मी तुमची समजूत काढण्यासाठी लिहीत नाही. आषाढातल्या त्या पानावर, हजेरीपट भरावा तशा नेटक्या अक्षरात, तुम्ही तीन ओळी लिहिल्या आहेत: ‘५.००, पाच जिवंत, वर येऊन तोंडे उघडमीट.’ ‘६.१५, करंट आला, सर्व चालू केले.’ ‘९.३०, चार मेले, बादलीतला हालतो आहे.’ या तीन ओळी पुन्हा एकदा सावकाश वाचा. वीज नाही, पाणी ढवळायला कोणी नाही, अशा अवस्थेत दीड ते पाच हे साडेतीन तास पाच माशांनी काढले. ते गेले वीज आल्यानंतर. आणि वाचला तो कोण, तर पाचांतला सर्वांत अशक्त, आडवा पडलेला. तो वाचला, कारण त्या वेळी तो टाकीत नव्हता. म्हणजे सव्वासहा ते साडेनऊ या वेळात टाकीच्या पाण्यात काहीतरी वाईट येऊन मिसळले, आणि ते कोठून आले हे मला जवळजवळ खात्रीने सांगता येते.

तुमच्या टाकीला कॅनिस्टर फिल्टर आहे, म्हणजे झाकण घट्ट बसणारा बंद डबा. त्याच्या आतल्या स्पंजवर आणि सिरॅमिकच्या तुकड्यांवर ते जिवाणू राहतात, जे माशांच्या विष्ठेतून येणाऱ्या अमोनियाचे आधी नायट्राइट आणि मग नायट्रेट करतात. या जिवाणूंना प्राणवायू लागतो, आणि तो त्यांना वाहत्या पाण्यातूनच मिळतो. पंप थांबला की बंद डब्यातला प्राणवायू काही वेळातच संपतो, अडकलेला गाळ आणि मेलेले जिवाणू कुजू लागतात, आणि कुजक्या अंड्यासारखा वास येणारे पाणी आत तयार होते. तुमचा डबा रात्री साडेनऊच्या सुमारापासून सव्वासहापर्यंत, जवळजवळ नऊ तास, तसाच उभा होता. वीज आल्याबरोबर त्याने आतले सगळे पाणी रात्रभर दमलेल्या माशांवर ओतले. त्या संध्याकाळी तुम्ही अमोनियाची चाचणी घेतलीत आणि रंगाच्या जागी ‘गडद हिरवा’ असे लिहिलेत, ते याच्याशी जुळते. ही गोष्ट तुम्हाला कोणी सांगितली नव्हती. डबा विकणाऱ्याने सांगायला हवी होती. या सदराच्या सगळ्याच वाचकांनी, मग त्यांची टाकी गोड्या पाण्याची का असेना, एवढे लक्षात ठेवावे की वीज तास-दोन तासांहून अधिक वेळ गेली असेल तर कॅनिस्टरचे बटण आधी बंद करावे, आणि वीज आल्यावर डबा उघडून, आतले पाणी मोरीत ओतून, स्पंज टाकीच्याच पाण्यात खळबळून मगच तो पुन्हा जोडावा.

आता लोट्याविषयी. तुम्ही लिहिता, ‘काही सुचेना म्हणून वेड्यासारखी पाणी ओतत बसले.’ त्या रात्री घरात जे करण्यासारखे होते त्यांत ते सर्वांत शहाणपणाचे काम होते. पंचवीस अंश तापमानाच्या एक लिटर गोड्या पाण्यात सुमारे ८.३ मिलिग्रॅम प्राणवायू विरघळू शकतो, तर तेवढ्याच समुद्राच्या पाण्यात पावणेसातच्या आसपास. आपण घाटमाथ्यावर राहतो, हवेचा दाब समुद्रकाठाहून कमी, त्यामुळे आणखी थोडी घट. दिवे बंद झाल्यावर प्रवाळे आणि शेवाळसुद्धा प्राणवायू देण्याऐवजी घेऊ लागतात. अशा पाण्यात हवा मिसळण्याचा साधा मार्ग म्हणजे पाणी उंचावरून पाडणे, आणि तुम्ही तेच चार तास केलेत. पाच मासे पहाटेपर्यंत राहिले ते त्या चार तासांच्या पुण्याईवर.

हे सांगितल्यावर थोडे कटू बोलायला हवे. टाकी त्या रात्री बुडाली असली तरी ती वैशाखापासूनच आजारी होती, आणि हेही तुमच्या वहीतच आहे. वैशाखाच्या शेवटी ‘लेदर कोरल मिटलेला, तीन दिवस झाले’ अशी नोंद दिसते. ज्येष्ठात महिनाभरात शेवाळ खाणाऱ्या सगळ्या गोगलगायी संपल्या आणि पाठोपाठ कोळंबीही गेली, पण मासे मात्र ठणठणीत राहिले. गोगलगायी मरतात, कोळंबी मरते, प्रवाळ मिटते आणि माशांना काही होत नाही, ही लक्षणे एकत्र दिसली की अनुभवी माणूस पहिला प्रश्न तांब्याचा विचारतो. माशांच्या काही रोगांवर तांब्याचे औषध दिले जाते. मासे ते सोसतात, आणि तीच मात्रा बिनकण्याच्या जिवांना मारून टाकते. तुमच्या वहीत दर दोन-तीन दिवसांनी एक ओळ आहे, ‘टॉपअप, आरओ, हंडा अर्धा’, म्हणजे वाफ होऊन कमी झालेल्या पाण्याची भरपाई. बाई, हा हंडा कशाचा आहे? आपल्याकडे पिण्याचे पाणी तांब्याच्या हंड्यात भरून ठेवण्याची चाल आहे, ती माणसांसाठी जुनी आणि चांगली मानलेली चाल आहे, आणि तुम्ही टाकीसाठीही त्याच काळजीने पाणी भरून ठेवत असाल तर त्यात तुमचा प्रेमळपणाच दिसतो. पण आरओचे पाणी बरेचसे क्षार काढून घेतलेले, किंचित आम्ल असते, आणि ते भांड्यातले तांबे थोडे थोडे ओढून घेते. टाकीतून वाफ होऊन जाते ते फक्त पाणी. तांबे मागे राहते आणि साठत जाते. हंडा स्टीलचा असेल तर माझा हा तर्क चुकीचा ठरेल आणि मला आनंदच होईल. तांब्याचा असेल, तर टाकीतली वाळू आणि दगड यांनीही ते शोषलेले असणार, आणि ते पुढेही सुटत राहील. म्हणून काहीही नवे विकत घेण्याआधी तांब्याची चाचणी करणारा किट मागवा आणि जुन्या पाण्याची एक बाटली तपासा. आकडा शून्याच्या वर आला तर दगडांचा आणि वाळूचा मोह सोडायचा, काचेची टाकी मात्र व्हिनेगर टाकलेल्या पाण्याने धुऊन बिनघोर वापरायची.

दुसरी नोंद क्षारतेची, म्हणजे पाण्याच्या आम्ल पचवण्याच्या ताकदीची, जिला मुलाने ‘डीकेएच’ म्हणायला शिकवले. चार रविवारी ती ८.४, ८.०, ७.५, ७.१ अशी हळूहळू उतरत गेली. मग एका शनिवारी ‘बफर पावडर दोन चमचे’ आणि दुसऱ्या दिवशी ११.२. प्रवाळांना ७.१ मध्ये फारसा त्रास झाला नसता. त्यांना भोवली ती एका रात्रीत मारलेली उडी. क्षारता वाढवायचीच झाली तर दिवसाला एका अंशाहून जास्त वाढवू नये. मात्र तुमच्यासारख्या फक्त मऊ प्रवाळांच्या टाकीत पावडरची गरजच पडत नाही. पंधरा दिवसांनी दहा टक्के पाणी बदलले की नव्या मिठातून हवे तेवढे मिळते.

एवढे वाचून तुम्हाला वाटेल की, म्हणजे चूक माझीच होती. इथेच मला तुमच्या पत्रातले एक गृहीत तुमच्यासमोर ठेवायचे आहे. चार पानी पत्रात तुम्ही ‘मुलाची टाकी’ असे नऊ वेळा लिहिले आहे, ‘माझी टाकी’ असे एकदाही नाही. मुलाने ती दोन वर्षे सांभाळली आणि तुम्हीही दोन वर्षे सांभाळली. दर रविवारी सात चाचण्या घेऊन नोंदी तुम्ही ठेवल्यात, मुलाची वही तुम्हीच सांगता तशी ‘तीन पानांत आटोपली’ होती. तरीही मनात तुम्ही स्वतःला राखणदार समजत राहिलात, आणि राखणदाराच्या हातून धन्याची वस्तू गेली की जशी टोचणी लागते तशी ती तुम्हाला लागली आहे. मला वाटते, याच भावनेमुळे वैशाखात प्रवाळ मिटलेले दिसूनही तुम्ही काही बदलायला धजला नाहीत, पुण्याला फोन करून विचारायलाही संकोचलात, आणि दुकानदाराने सांगितलेली पावडर मुकाट्याने टाकलीत. राखणदार आहे तसे टिकवतो. ज्याची वस्तू असते तो तिच्याकडे संशयाने बघतो, तिच्यात हात घालतो, दगड हलवतो, नको असलेले काढून टाकतो.

म्हणून पहिला खर्च एका फोनचा करा. मुलाला ‘पुन्हा सुरू करू का?’ असे विचारू नका, कारण तो तुमच्या काळजीपोटी नकोच म्हणेल. त्याला सरळ सांगा की ही टाकी आजपासून मी माझी म्हणून ठेवते आहे किंवा माझी म्हणून बंद करते आहे. या दोन्हींपैकी काय म्हणताना तुमचा आवाज मोकळा येतो, ते तुम्हालाच कळेल. माझा अंदाज तुमच्या पत्रातल्या शेवटच्या ओळीवरून बांधलेला आहे: ‘मीठ अजून अर्धी बादली शिल्लक आहे, त्याला ओल लागू नये म्हणून डब्यात भरून ठेवले.’ बंद करायचे ठरलेले माणूस मीठ डब्यात भरून ठेवत नाही.

यजमानांच्या आक्षेपाला मात्र तुम्ही पत्रात फार लवकर बगल दिलीत. ‘त्यांना आवड नाही’ असे लिहून तुम्ही पुढे गेलात. ‘जिवांना कोंडून ठेवायचे कशाला’ हा प्रश्न या छंदातल्या प्रत्येकाने स्वतःला विचारायला हवा, मीही विचारतो. समुद्रातून धरलेला मासा दुकानात पोचेपर्यंत त्याचे पुष्कळ सोबती वाटेत मेलेले असतात, आणि आपण शिकत असताना होणाऱ्या चुकांची किंमत तेच मोजतात. या प्रश्नाला माझ्यापुरते उत्तर असे की, टाकीत येणारा प्रत्येक जीव हौदात पैदा झालेला असावा आणि संख्येने थोडा असावा. क्लाउनफिशच्या बाबतीत हे सहज जमते. केंद्रीय सागरी मत्स्य संशोधन संस्थेने, जिचे एक केंद्र आपल्या शेजारी कारवारला आहे, त्यांची बंदिस्त पैदास यशस्वी केलेली आहे, आणि पैदास केलेले पिल्लू टाकीतल्या पाण्याला आणि कोरड्या खाद्याला लहानपणापासून सरावलेले असते. प्रवाळांच्या बाबतीत कायदाही आहे. कठीण सांगाड्याची, खडक रचणारी सगळी पाषाणी प्रवाळे २००१ पासून वन्यजीव संरक्षण कायदा, १९७२ च्या पहिल्या अनुसूचीत आहेत. समुद्रघोडेही त्याच वेळी आले. दुकानदार तुम्हाला ‘इम्पोर्टेड आहे, काही होत नाही’ म्हणून जो हातोडीच्या आकाराचा कोरल दाखवतो आहे तो पाषाणीच आहे. त्याला ठाम नकार द्या. मालवणच्या किनाऱ्यावरून किंवा नेत्राणी बेटावरून कोणी हौसेने तुकडा उचलून आणून दिला तर तोही घरात घेऊ नका. लेदर आणि मश्रूम ही मऊ प्रवाळे टाकीतच कापून वाढवता येतात, एका छंदीकडून दुसऱ्याकडे जातात, आणि तुमच्या घराला ती पुरेशी आहेत. यजमानांशी हे सगळे बोला. त्यांची समजूत पटली नाही तरी चालेल. पण आक्षेप ऐकून घेतला गेला आणि त्यामुळे काहीतरी बदलले, एवढे त्यांना दिसू द्या.

दुकानदाराच्या दुप्पट टाकीविषयी एवढेच म्हणतो की नको. पाणी जास्त असले की बिघाड सावकाश होतो हे त्याचे म्हणणे खरे आहे, म्हणूनच तुम्ही लहान टाकीकडे वळावे असेही मी सुचवत नाही. आहे त्याच २५० लिटरमध्ये सातऐवजी तीन मासे ठेवा, म्हणजे टाकी न बदलता ती दुपटीहून मोठी होते. शिवाय पंधरा दिवसांनी बदलायचे २५ लिटर पाणी गुडघ्याचे दुखणे असलेल्या माणसाला लहान पंप आणि नळी लावून निभावता येते. त्याच्या दुप्पट पाणी बादल्यांनी वाहणे तुमच्याच्याने होणार नाही, आणि तुम्ही ते कोणाला सांगणारही नाही.

आता एक गोष्ट जी या पत्रात सर्वांत महत्त्वाची आहे, आणि जी वाचून मी तातडीने तुम्हाला वेगळे पत्रही पाठवले. तुम्ही विचारले आहे, ‘जुने दगड निर्जंतुक करण्यासाठी मोठ्या पातेल्यात उकळून घेऊ का?’ कधीही, कोणत्याही कारणाने उकळू नका. ज्या दगडांवर झोअँथस नावाची, फुलांच्या गुच्छासारखी दिसणारी प्रवाळे वाढलेली असतात, त्यांच्यात पॅलिटॉक्सिन हे अत्यंत जहाल विष असू शकते. दगड उकळला की ते वाफेबरोबर घरभर पसरते, आणि श्वासातून गेल्यामुळे अख्खी कुटुंबे इस्पितळात दाखल झाल्याच्या घटना जगात घडलेल्या आहेत. प्रवाळ मेले म्हणून विष संपत नाही. दगड कोरडे घासणे, त्यांवर गरम पाणी ओतणे किंवा पाण्याची जोरदार धार मारणे हेही तितकेच धोक्याचे आहे. हातात रबरी मोजे आणि डोळ्यांवर चष्मा घालून, दगड ओले असतानाच, ज्यांच्यावर झोअँथस होते ते वेगळे काढा, जाड पिशवीत बांधून टाकून द्या. घरात नातवंडे येत असतील तर हे काम आजच करा.

बाकीचे दगड तांब्याच्या चाचणीतून सुटले तर त्यांना टाकायचे कारण नाही. झाकण असलेल्या प्लास्टिकच्या मोठ्या टपात खारे पाणी, एक लहान पंप आणि काळोख, एवढ्यावर त्यांना दीड-दोन महिने राहू द्या. वरचे मेलेले सगळे कुजून झडेल, पाणी दोन-तीनदा बदलावे लागेल, वास येईल, म्हणून टप परसदारी पडवीत ठेवा. ते खारे पाणी झाडांच्या आळ्यात मात्र ओतू नका. जुनी वाळू टाकून द्या. चार वर्षांचा गाळ धुऊन निघत नाही.

पाण्याची सोय बदलणे हे नव्या सुरुवातीचे खरे काम आहे, आणि त्यावर मी जरा रेंगाळणार आहे, कारण आपल्या भागातून येणाऱ्या पत्रांत हीच चूक पुन्हा पुन्हा दिसते. स्वयंपाकघरातला आरओ माणसांसाठी असतो. त्यात चव यावी म्हणून शेवटी क्षार पुन्हा मिसळलेले असतात, म्हणून तुमच्या टीडीएस मीटरवर, म्हणजे पाण्यात विरघळलेले क्षार मोजणाऱ्या यंत्रावर, ८५ दिसते. टाकीला शून्य हवे. आरओ दुरुस्त करणाऱ्या माणसाकडून, मेंब्रेनच्या पुढे आणि मिनरलच्या नळकांडीच्या आधी, एक वेगळी नळी काढून घ्या आणि तिला उरलेसुरले क्षार शोषणाऱ्या डीआय रेझिनचे नळकांडे जोडा. पाणी प्लास्टिकच्या, खाद्यपदार्थांसाठी चालणाऱ्या पिंपात साठवा. पत्र्यावरून पडणारे पावसाचे पाणी फुकट मिळते म्हणून वापरू नका, त्यात जस्त उतरते. पुतण्या चोर्ला घाटाने गोव्याहून समुद्राचे पाणी कॅनमध्ये आणून द्यायला तयार आहे असे तुम्ही लिहिले आहे. त्याचे आभार माना आणि नको म्हणा. तुमच्याच तालुक्यात देगावजवळ उगम पावणारी म्हादई पुढे मांडवी होऊन पणजीला समुद्राला मिळते, आणि पावसाळ्यात तिच्यासारख्या नद्यांमुळे त्या किनाऱ्याचे पाणी किती गोडे आणि गढूळ होते ते तुम्ही पाहिलेच असेल. उरलेल्या महिन्यांतही किनाऱ्यालगतच्या पाण्यात बोटींचे तेल आणि सांडपाणी असतेच. टाकीसाठी पिशवीत मिळणारे समुद्री मीठ आणि शून्य टीडीएसचे पाणी, २५ लिटरला एक किलोला थोडे कमी, खारटपणा मोजणाऱ्या रिफ्रॅक्टोमीटरवर ३५, आणि पंप लावून एक दिवस फिरू दिलेले, हेच तुमचे समुद्राचे पाणी.

वेळेचे म्हणाल तर गणपती झाले आहेत, दिवाळीपर्यंत दगड टपातच राहतील. दिवाळीनंतर टाकी भरा, दगड रचा, आणि दगडांवर जिवाणू वाढावेत म्हणून बाटलीतला अमोनिया मोजून लिटरला दोन मिलिग्रॅम होईल इतका घाला. चोवीस तासांत अमोनिया आणि नायट्राइट दोन्ही शून्यावर येऊ लागले की टाकी तयार झाली. याला महिना-दीड महिना लागतो, आणि या काळात टाकी अगदी रिकामी, थोडी भकास दिसते. संक्रांतीच्या आधी काही आणू नका. आधी गोगलगायी आणा. त्या महिनाभर नीट फिरल्या, काचेवर चढल्या, तर तांब्याची शंका मिटली असे समजा. मग एक लेदर, दोन मश्रूम. नवा मासा होळीनंतर, आणि तोही महिनाभर वेगळ्या भांड्यात नजरेखाली ठेवून. कॅनिस्टर पुन्हा जोडू नका. दगड, एक स्किमर (पाण्यातली घाण फेसातून बाहेर काढणारे यंत्र) आणि दोन वेव्हमेकर (पाणी ढवळत ठेवणारे लहान पंप) एवढ्यावर तीन माशांची टाकी उत्तम चालते. ३०० वॉटचा एक हीटर काढून १०० वॉटचे दोन लावा. माझ्या टाकीत एकदा थर्मोस्टॅट अडकून हीटर रात्रभर चालू राहिला आणि सकाळी पाणी ३३ अंशांवर होते, तेव्हापासून मी एकच मोठा हीटर कोणालाही लावू देत नाही.

इन्व्हर्टरचा हिशेब तुम्ही स्वतः मांडून पाहा, तुम्ही गणित शिकवलेले आहे. १५० एएचची १२ व्होल्टची बॅटरी कागदावर १८०० वॅट-तास देते; प्रत्यक्षात हजार धरा. त्या रात्री तिच्यावर ३०० चा हीटर, १२० चा दिवा, ४५ चे पंप आणि घरातले पंखे-दिवे मिळून दीडशे, असा सहाशेच्या वर भार होता. ती दोन तासांच्या आत बसली यात नवल नाही. तिच्यावर फक्त एक १० वॉटचा वेव्हमेकर, पृष्ठभाग ढवळेल अशा कोनात लावून ठेवला असता, तर इन्व्हर्टर स्वतः खातो ते धरूनही ती तीस तासांच्या आसपास चालली असती. हीटरची चिंता नको. एवढे पाणी सावकाश गार होते, काचेभोवती वाकळ गुंडाळा आणि वरची बाजू उघडी ठेवा. इलेक्ट्रिशियनकडून टाकीसाठी वेगळा सॉकेट काढून घ्या, ज्यावर वेव्हमेकरशिवाय काही जोडायचे नाही असा घरात नियम असेल. शिवाय यूएसबीवर चालणारा एक हवेचा पंप आणि भरलेली पॉवर बँक खणात ठेवा. आणि मृगाच्या आधी एका रविवारी, दिवसाढवळ्या, मेन स्विच चार तास बंद करून रंगीत तालीम घ्या. कोणती वायर पोचत नाही आणि कोणता पंप पुन्हा आपोआप सुरू होत नाही, ते त्या वेळीच कळते.

राहिला तो बादलीतला. तो दोघांतला लहान होता असे तुम्ही लिहिता, म्हणजे तो नर. क्लाउनफिश जन्मतः सगळे नर असतात. जोडीतला मोठा मासा मादी होतो, आणि मादी गेली की मागे राहिलेला नर काही आठवड्यांत ते काही महिन्यांत स्वतः मादी होतो. तुमचा हा मासा आत्ता त्याच वाटेवर असेल. त्यामुळे पुढे त्याला, म्हणजे तिला, जोडीदार आणाल तेव्हा स्पष्ट दिसेल इतके लहान, पैदास केंद्रातले पिल्लू आणा. बरोबरीचा आणलात तर मारामारी होईल. ही जात टाकीत वीस वर्षांहून अधिक जगू शकते, तेव्हा यजमानांच्या आणि मुलाच्या म्हणण्याप्रमाणे टाकी बंद केलीत तरी या एका जिवाची सोय आधी पाहावी लागेल. दुकानात परत देणे ही सोय नव्हे, चालू टाकी असलेल्या एखाद्या जाणकाराच्या हाती देणे ही सोय.

तोवर तो संक्रांतीपर्यंत बादलीत राहू शकत नाही. या आठवड्यातच ४०-५० लिटरची काचेची पेटी, एक स्पंज फिल्टर आणि लपायला पीव्हीसी पाइपचा तुकडा, एवढे करा, आणि दर तीन दिवसांनी पाच लिटर पाणी बदला. वर जाळी हवीच, कारण घाबरला की तो उडी मारतो. मोठ्या टाकीत अमोनिया घालून तयारी चालू असेल तेव्हा त्याला तिकडे हलवण्याचा मोह होईल, तो आवरा.

पुढच्या पत्रात हंडा कशाचा होता तेवढे नक्की कळवा.